बोटीवरून आलेली चाल

शनिवारी सकाळी इथल्या फुटपाथवर खोकी दिसतात. घरातल्या नको झालेल्या पण धड असलेल्या वस्तू लोक खोक्यात भरून दाराबाहेर ठेवतात आणि वर कागद चिकटवतात, 'त्सु फेअरशेंकन'. म्हणजे हवं ते तसंच घेऊन जा. जर्मनीत ब्योब्लिंगेनला मुलाकडे राहायला आले तेव्हा त्या खोक्यांकडे बघायचाही मला संकोच वाटायचा. कुणी पाहिलं तर काय म्हणेल? आता नात ईरा आणि मी तळ्याकडे फिरायला निघालो की ती पुढे पळत जाऊन प्रत्येक खोक्यात डोकावते, आणि मागून मीही हळूच डोकावते. आमच्या स्वयंपाकघरातली निळ्या फुलांची किटली अशीच आली आहे.

त्या शनिवारचं खोकं आमच्याच इमारतीच्या दारात होतं. तळमजल्यावरच्या फ्राऊ क्लॅरिस, म्हणजे क्लॅरिसबाई, मुलीकडे उत्तरेला कायमच्या जायला निघाल्या होत्या, त्यांचं ते सामान. त्यात पेले होते, लोकरीचे गुंडे होते, एक छत्री होती आणि कडेला उभ्या लावलेल्या गाण्यांच्या मोठ्या तबकड्या होत्या. ईरा एकेक तबकडी पुढे ओढून चित्रं बघत होती. बघता बघता एक पुढे आली आणि माझा हात तिच्या हातावर जाऊन बसला.

पिवळा समुद्र. काठाला वाकलेले माड. पुढे सोनेरी झग्यातली एक बाई, एक हात वर केलेली, आणि तिच्यामागे पिंपांपुढे काठ्या धरून उभी असलेली माणसं.

"वास इस्ट, आजी?" ईरानं विचारलं. काय झालं, म्हणून. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येते ती जर्मन.

"हे चित्र आमच्या घरात होतं," मी म्हणाले.

ते खरंच होतं. फक्त ते तळहाताएवढं होतं, कॅसेटच्या डबीत दुमडून घातलेलं. त्याच्या घडीवर माडांचा रंग उडून पांढरी रेघ पडली होती. इथे ते एवढं मोठं होतं की त्या बाईच्या कानातले डूलसुद्धा दिसत होते. आमच्या चित्रात ते कधी दिसले नव्हते.

तबकडी छातीशी धरून मी जिना चढले. फिरायला गेलोच नाही.

आमचे हे बोटीवर होते, इंजिनाचं तेलपाणी बघायला. आमच्या खाडीकाठच्या गावातून घरटी एखादा तरी बोटीवर असायचाच, त्यामुळे कुणाला त्याचं नवल नव्हतं. वर्षातले बरेचसे महिने पुरुष पाण्यावर आणि बायका भातात. हे यायचे तेव्हा त्यांच्यामागून एक लोखंडी पेटी यायची. ती उघडली की आधी वास यायचा. डिझेलचा, परदेशी साबणाचा, बंद राहिलेल्या कपड्यांचा, आणि त्या सगळ्याच्या खाली कसलातरी गोडसर वास. तो कशाचा ते मला कधीच कळलं नाही. माझ्या मनात बेटांचा वास तोच आहे.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी हे श्रावण लागता लागता आले होते. पेटी उघडली तेव्हा मी एका बाजूला आणि माझी थोरली जाऊ दुसऱ्या बाजूला बसली होती. तिला मी अक्का म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. कुणी काही विचारलं की मी अक्काकडे बघायची आणि अक्का उत्तर द्यायची. "तिला भूक नाय," "तिला ताप नाय, ती अशीच बसते." पुष्कळदा तिची उत्तरं बरोबर असायची.

पेटीतून रेडिओ-टेपचा टू-इन-वन निघाला आणि त्याच्याबरोबर ही कॅसेट. यांनी ती दोन बोटांत धरून आम्हांला दाखवली.

"ही कुठली माहीत आहे का? वेस्ट इंडीजच्या बेटावरची. तिथे तेलाचं पिंप कापतात, त्याचा तळ ठोकून ठोकून खोलगट करतात, आणि त्यातून सूर काढतात. बाजाच्या पेटीसारखे सूर."

"पिंपातून?" अक्का म्हणाली. "आमच्या पिंपातून तर नुसता गंज निघतो."

"तुम्ही ठोकलं नाही ना, वहिनी, नीट."

मग हे पुष्कळ बोलले. एरवी फार बोलायचे नाहीत, पण पेटी उघडी असेपर्यंत बोलायचे. त्या बेटांवर आपल्या इकडून पूर्वी बोटीनं नेलेली माणसं आहेत, त्यांच्या घरांत अजून डाळपुरी होते. आफ्रिकेतून नेलेल्यांचीही नातवंडं-पतवंडं तिथेच आहेत. दोघांचे ढोल एकमेकांत मिसळले आहेत. सण आला की सगळं गाव वाजवत, चालत रस्त्यानं निघतं. आणि आता शहरातल्या क्लबवाल्यांनी त्याच चालीला खालून विजेचा ठोका दिला आहे. धप, धप, धप, धप, कुठे थांबत नाही. त्यावर ती पिंपं वाजली की खाडीच्या पाण्यावर ऊन हलावं तसं वाटतं. बंदरावर एका क्लबच्या दाराबाहेर उभं राहून यांनी ते ऐकलं होतं. आत का नाही गेलात, असं मी नंतर आम्ही दोघंच असताना विचारलं, तर म्हणाले, "बूट बरे नव्हते."

कॅसेट लावली.

आमच्या वाडीत वीज असून नसल्यासारखी होती. टू-इन-वन जाड सेलांवर चालायचा आणि सेल जुने होते. ते काढून आम्ही अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवायचो. श्रावणातलं ऊन ते केवढं, पण तेवढ्यानं सेल जीव धरायचे. एक बाजू वाजून होईपर्यंत पुन्हा दमायचे. त्यामुळे ते गाणं आमच्या घरात कायम दमलेल्या सेलांवर वाजलं. सावकाश. धप... धप... आणि मध्ये त्या पिंपांचे सूर, कुणी पायरी बघून बघून उतरावं तसे. गाणाऱ्याचा आवाज जड, खोल. आम्ही धरून चाललो होतो की गाणारा पुरुष आहे, वयस्क आहे, आणि त्याला कसलं तरी दुःख आहे.

"अहो, ती बाई आहे," हे हसायला लागले. "चित्रात दिसत नाही का?"

"ती नाचणारी," अक्का म्हणाली. "गाणारा वेगळा. एवढं नाचून कुणाला गाता येतं?"

"आणि हे एवढं सावकाश नाही, वहिनी. तिकडे हे पळतं. असं." यांनी पाटावर बोटांनी वाजवून दाखवलं.

अक्कानं ते नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुम्ही दारातून ऐकलंत. आमच्या घरात कॅसेट आहे."

यांनी पाटावरची बोटं उचलली.

आमच्याकडे गणपतीत पुरुषांची जाखडी असते. गोल करून, एका पायात घुंगरू बांधून नाचतात, मध्ये ढोलकी आणि शाहीर. दरवर्षी नवी गाणी लागतात आणि चाली सिनेमाच्या उचलतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बायकांचं तसं नव्हतं. गौरीपुढे आमचे फेर जुन्या चालींवरच चालायचे. सासवांनी म्हटलेलं सुनांनी म्हणायचं. त्या वर्षी भात बेणायला, तण काढायला, शेतात उतरलो तेव्हा अक्का वाकल्या वाकल्याच म्हणाली, "ती बोटीवरची चाल आपल्या फेराला बसते गो. बघ. एक पाय पुढे, टाळी, वाक. एक पाय पुढे, टाळी, वाक."

मी चिखलात पाय उचलून पाहिला. बसत होती. दमलेल्या सेलांनी ती बरोबर आमच्या पायांएवढी करून ठेवली होती.

गाणं आम्ही बेणणीत केलं. अंगावर इरलं, हाताला चिखल, पाठीवर पावसाची भुरभुर. मी खाली बघून पुटपुटायची आणि अक्का तेच मोठ्यानं म्हणायची. मध्ये एखादा शब्द तिचा असायचा, तो मी उचलायची. शेजारच्या शेतातल्या बायकांना वाटायचं गाणं अक्काच करते आहे. मला तेच बरं होतं. माझा शब्द तिच्या तोंडून आला की तो खरा वाटायचा.

गवर आली माहेराला, वाट दाव रं समिंदरा,
तिच्या ओटीत तेरडा, बोट लागू दे बंदरा.

हे पहिलं कडवं. दुसरं असं होतं:

गवर बसली पाटावरी, पुसे गावाची खुशाली,
कोण गेलं परदेशी, कोण माघारी गं आली.

मध्ये जिथे पिंपं एकटीच वाजतात तिथे आम्ही शब्द घातले नाहीत. तिथे नुसत्या टाळ्या.

तिसरं कडवं मला आठवत नाही. गौर परत जाते त्याबद्दल ते असावं. इथे आल्यापासून भांडी विसळताना, ईराला शाळेत सोडून परत येताना मी ते शोधते आहे. पहिली दोन म्हणत पुढे गेलं की तिसरं आपोआप येईल असं वाटतं, आणि पाय अर्धवट उचललेला राहतो. ते कडवं माझ्याखेरीज एकीलाच माहीत असणार, आणि ती कितीतरी वर्षं माझ्याशी बोलत नाही.

गौरीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर वाडीतल्या बायका आमच्या ओटीवर जमल्या. तेरड्याची फुलं आदल्या दिवशीची, जरा मऊ पडलेली. आतून पातोळ्यांचा, वाफेतल्या हळदीच्या पानांचा वास येत होता. कुणाच्या तरी ओल्या पदराचा वास, कापराचा वास. अक्कानं चाल धरली तेव्हा वाडीतल्या भागाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कान दिला आणि तोंड वाकडं केलं.

"ही कुठली गो चाल? आपली नाय ही."

"बोटीवरून आली, काकी."

"देवीला असलं चालतं होय?"

"देवी कधी विचारते का, चाल कुणाच्या घरची ते? साखर पण बाहेरूनच येते. ती खाते की नैवेद्याला."

बायका हसल्या. फेर सुरू झाला. मी कडेला होते, दोघींच्या मध्ये लपून. एक पाय पुढे, टाळी, वाक. पहिल्यांदा पाय चुकत होते, मग नंतर कुणाचाच चुकेना. जमीन सारवलेली होती, तिच्यावर इतके पाय एकदम पडले की आवाज मऊ यायचा, खालून, टू-इन-वनमधून यायचा तसाच. पिंपांची जागा आली आणि नुसत्या टाळ्या राहिल्या, तेव्हा अक्कानं मला हाताला धरून मध्ये ओढलं आणि फुगडी घातली. ओटीचे खांब, तेरडा, बायकांच्या साड्या, सगळं फिरून एक रंग झालं. दुसरं कडवं कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं. जरा वेळानं कळलं की ते मीच म्हणते आहे.

भागाकाकूंनी जाताना सुपारी कातरता कातरता विचारलं, "पुढच्या वर्षी हेच ठेवणार का?" म्हणजे त्यांना आवडलं होतं.

पुढच्या वर्षी घरात दोन चुली होत्या. ते का झालं, कुणाचं किती चुकलं, हे मी इथे लिहीत नाही. ओटीच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. टू-इन-वन आमच्या बाजूला राहिला, पाटा-वरवंटा त्यांच्या बाजूला गेला. अक्का माझ्याशी बोलेनाशी झाली. वाटण वाटायची तेव्हा फळ्यांतून घसर घसर आवाज यायचा आणि त्यावरून मला कळायचं की आज त्यांच्याकडे मासळी आहे. आमच्याकडची कॅसेट तिलाही तशीच ऐकू जात असेल. मग मी ती लावणं कमी केलं. मग ती अडकायला लागली, फीत बाहेर यायची, पेन्सिल घालून गुंडाळायची. शेवटी ती फीत भाताच्या खाचरावर काठ्यांना बांधली, पाखरं हाकायला. वारा आला की तपकिरी फीत चमकायची आणि तिच्यातून बारीक गुणगुण निघायची. पाखरं घाबरायची की नाही, कोण जाणे. मी बांधावर उभी राहून ऐकायची.

हे वारले तेव्हा अक्का आली. माझ्या चुलीवर भात चढवला, अंगण झाडलं, महेशला जवळ घेऊन बसली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी आपल्या बाजूला निघून गेली.

महेश माझा मुलगा, ईराचा बाबा. त्या शनिवारी मी तबकडी घेऊन वर आले तेव्हा तो आधी हसला आणि मग केलरमधून, म्हणजे तळघरातल्या आमच्या कोठडीतून, तबकडी वाजवायचं यंत्र घेऊन आला. कधीतरी हौसेनं घेतलेलं आणि पडून राहिलेलं. त्यानं धूळ पुसली, सुई ठेवली.

जे वाजलं ते ऐकून मी खुर्चीतून उठले.

ते पळत होतं. धपधपधपधप, श्वास न घेता. पिंपं नुसती खळखळत होती. एक तरुण बाई वरच्या आवाजात हसल्यासारखी गात होती. ईरा लगेच नाचायला लागली.

"हे ते नाही," मी म्हणाले.

"आई, चित्र तेच म्हणालीस ना? मग गाणं तेच असणार."

"नाही रे. हे पळतंय. आमचं चालायचं."

महेश म्हणाला, "मला काही आठवत नाही बुवा." त्याला कसं आठवणार? तो तेव्हा पाळण्यात होता.

ईराला त्या यंत्रावरचा एक खटका सापडला. तिनं तो सहज पलीकडे सारला. गाणं एकदम खचलं. आवाज खाली खाली गेला, जड झाला, आणि ती तरुण बाई माझ्यासमोर वयस्क पुरुष झाली. धप... धप... पायरी बघून उतरणारे सूर.

"काप्पुट!" ईरा म्हणाली. मोडलं, म्हणून ती हात मागे घ्यायला लागली.

"राहू दे," मी म्हणाले. "हेच. राहू दे."

दार उघडंच होतं. फ्राऊ क्लॅरिस आणखी एक पिशवी घेऊन वर आल्या होत्या, ईराला काही खेळणी द्यायला. त्या वेस्ट इंडीजमधल्याच एका बेटावरच्या. तरुणपणी इकडे परिचारिका म्हणून आल्या आणि इथेच राहिल्या. इतकी वर्षं आम्ही जिन्यात एकमेकींना नुसतं 'हालो' म्हणत आलो. त्यांना मराठी येत नाही आणि मला जर्मन बेताचीच येते. त्यांनी गाणं ऐकलं, कपाळाला हात लावला, पुढे येऊन तो वेगाचा खटका बरोबर जागी केला. गाणं पुन्हा पळायला लागलं. मी ईराकडे बघितलं. पूर्वी अक्काकडे बघायची तसंच.

गावच्या माझ्या गोष्टी ईरा रात्री ऐकत आलेली; तिनं त्यांना जर्मनमध्ये सगळं सांगितलं. सेल, ऊन, गावातली आजी, फेर. तिला कितपत कळलं होतं कोण जाणे, पण ती हातवारे करून बराच वेळ बोलली. फ्राऊ क्लॅरिस तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी स्वतःच खटका मागे सारला.

त्या काय बोलल्या ते मला सांगायला ईराला मराठीत यावंच लागलं. शब्द शोधत, अडखळत तिनं सांगितलं. "ती म्हणते, ही चाल तिच्या गावात रस्त्यावरची. सगळे चालतात आणि गातात. मग, आल्झो... म्हणजे, क्लबवाल्यांनी खाली ढोल घातला. स्टुटगार्टमध्ये जमिनीच्या खाली एक क्लब होता. सुट्टी असली की ती तिथे नाचायची. बूट काढून."

"घरच्यांना चाललं?" मी विचारलं.

फ्राऊ क्लॅरिस मोठ्यानं हसल्या. ईरा म्हणाली, "तिच्या गावातल्या आज्या म्हणायच्या, आमची चाल खराब केली. आणि क्लबमधले लोक म्हणायचे, यात फार ऊन आहे."

मला भागाकाकू आठवल्या. वाकडं केलेलं तोंड, सुपारी कातरणारे हात.

गाणं संपत आलं तेव्हा फ्राऊ क्लॅरिसनी बोट वर करून आम्हांला गप्प केलं. सावकाश वाजवल्यामुळे मागच्या बायकांचा कोरस वेगवेगळा ऐकू येत होता. एक, दुसरी, तिसरी. पळताना त्या सगळ्या एकच आवाज होत्या. "हे मी कधी ऐकलं नव्हतं," असं काहीतरी त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, तुमचे शब्द म्हणा.

मी परक्या माणसापुढे कधी म्हटलेलं नाही. पण त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरून होता, आणि तो बरोबर आमच्या पायांचा ठेका होता. मी दोन कडवी म्हटली, खाली बघून. मग थांबले.

"उंड दान?" ईरानं विचारलं. "मग पुढे?"

"पुढचं मला येत नाही. ते अक्काआजीला माहीत."

"फोन कर मग."

"ती माझ्याशी बोलत नाही, बाळा."

"वारुम?"

का, म्हणून. मी तबकडीचं पाकीट उलटून बघायला लागले. महेश यंत्राकडे बघत राहिला. ईरानं थोडा विचार केला आणि मराठीतच म्हणाली, "मग तू पण बोलू नको. फक्त गाणं विचार."

फ्राऊ क्लॅरिस गुरुवारी गेल्या. मी पुरणपोळ्या करून दिल्या, त्यांनी मला दोन्ही गालांना गाल लावले. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी जिन्यात एकटी उभी राहिले. तळमजल्याचं दार बंद होतं. इतकी वर्षं एकाच दारातून ये-जा केली आणि जायच्या आठवड्यात एकमेकींना ऐकलं. अक्का तर माझ्याहून पुष्कळ मोठी आहे. तिचं दार असं बंद झालं तर मला कुणी फोनवरूनच कळवेल, तेही सगळं झाल्यावर.

माझ्या पुतण्याकडून, अक्काच्या मुलाकडून, मागून घेतलेला तिचा नंबर महेशनं माझ्या फोनमध्ये घालून ठेवला होता. मला त्यानं काही विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. आपल्याकडे तेव्हा दिवेलागण. मी स्वयंपाकघरात उभी राहूनच फोन लावला. बसले असते तर कदाचित ठेवला असता.

"हॅलो, कोण?"

आवाज तोच. थोडा सुकलेला.

"मी."

तिकडे मागे कोंबड्यांना कोणी तरी खुराड्यात घालत होतं.

"मी कोण?" ती म्हणाली. पण तिला कळलं होतं, ते मला ऐकू आलं.

"धाकटी."

 मी खिडकीची कड घट्ट धरली आणि ईरानं शिकवलं होतं तेवढंच म्हणाले. "गौरीच्या गाण्याचं तिसरं कडवं विचारायचं होतं."

"कुठल्या गौरीच्या?"

"बोटीवरच्या चालीचं."

कोंबड्यांचा कलकलाट थांबला.  मग ती म्हणाली, "म्हण बघू. कुठवर येतंय तुला?"

मी म्हटलं. जर्मनीतल्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, खाली न बघता. पहिलं कडवं झालं. पिंपांची जागा आली, मी थांबले, आणि तिकडून ठक ठक ऐकू आलं. ती हातातलं काहीतरी जमिनीवर आपटत होती. सावकाश, जागच्या जागी. मग दुसरं कडवं. तेही झालं.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय?"

"तिसरं कडवं."

"तिसरं कधी केलं गो आपण?" अक्का म्हणाली. "दोनच केली. तिसरं पुढच्या गौरीला करू म्हणालीस. शेतात, बेणताना. मी म्हटलं, आत्ताच कर, तर म्हणालीस नाय, पुढच्या गौरीला."

 इतकी वर्षं ज्या कडव्याभोवती फिरले ते नव्हतंच. ते मी विसरले नव्हते. ते करायचं राहिलं होतं.

"ऐकतेस का?" ती म्हणाली.

"हो."

"गौरीला अजून अवकाश आहे. तुला काय सुचतं ते... अगो बाय, दूध! दूध ठेवलंय मी. फोन ठेवू नको गो. ठेवू नको, आलेच मी."

फोन तिनं खाली ठेवला, बहुतेक लाकडावर, कारण आवाज पोकळ आला. मग तिची पावलं. एक पाय जरा ओढत जात होता, ते मला माहीत नव्हतं. भांड्याला चिमटा लागला. चूल फुंकल्याचा आवाज आला. ती स्वतःशी काहीतरी पुटपुटली, बहुतेक दुधाला शिव्या. कुठेतरी दार करकरलं, कुठे तरी पाणी ओतलं. मी फोन कानाशी दाबून धरला. खालच्या रस्त्यावर बस येऊन थांबली, माणसं उतरली, बस गेली. तिकडे पावलं पुन्हा वाजायला लागली, आधी लांब, मग जवळ. ती येत होती.